गुरुवारच्या बसने मास्तर येत आहेत

जुन्या गाडीला आत्मा असतो, असं दार्दो एच्चेबार्ने मास्तर भेटेल त्याला सांगत. हा आत्मा लोखंडात नसतो, तो भागांच्या मेळात असतो; एक भाग जरी परका बसवला तरी तो उडून जातो, आणि मग उरते ती नुसती वाहतूक. म्हणून बसवायचा तर मूळचाच भाग बसवावा, नाहीतर गाडीला हात लावू नये. हे ते इतक्या गांभीर्याने सांगत की ऐकणारा नकळत टोपी काढून हातात घेई. त्यांच्या स्वतःच्या गाडीत मात्र आत्म्याला टेकायला जागाही नव्हती. कार्बोरेटर नव्हता, डिस्ट्रिब्यूटर नव्हता, स्टेअरिंग नव्हतं, उजव्या हेडलाइटच्या जागी भोक होतं, आणि मागच्या बाजूला एक कोंबडी नेमाने अंडी घालत होती.

गाडी १९२९ सालची हुपमोबिल होती. मास्तरांनी ती एका जमीनदाराच्या गोठ्यातून आणली, शाळेत भूगोल शिकवणं संपलं त्याच वर्षी. आणि त्याच वर्षी त्यांच्या बायकोने, मिर्ताने, राजधानीत, मॉन्टेव्हिडिओला, जाऊन राहायचा विषय काढला. मुलगी इवोन तिथे होती, नातू होता, पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट होता, लिफ्ट होती. खिडकीतून पुरेसं बाहेर वाकलं तर समुद्रही होता. मास्तरांना समुद्राचं कौतुक नव्हतं. इथे आपल्या गावात, पासो ओंदोत, ते घरून बेकरीपर्यंत चालत गेले तर वाटेत दहा जण "मास्तर, कसं काय?" म्हणत. मॉन्टेव्हिडिओत ते लिफ्ट अडवून उभा राहिलेला एक म्हातारा झाले असते. पण बायकोला नाही कसं म्हणणार? म्हणून ते म्हणाले, "जाऊ की. गाडी चालू झाली की तिच्यातूनच जाऊ." मिर्ताचं पहिलं चुंबन कधीकाळी अशाच कुठल्यातरी गाडीच्या मागच्या सीटवर झालं होतं (मास्तरांकडून नव्हे), त्यामुळे ती विरघळली आणि हो म्हणाली.

तेव्हापासून मास्तर सुटे भाग शोधत होते. म्हणजे खरं सांगायचं तर, ते न सापडण्याची व्यवस्था बघत होते.

हे तितकंसं अवघड नव्हतं. उरुग्वेत माणसं मरतात, गाड्या मरत नाहीत. जुना भाग तिथे कोणी फेकत नाही, विकत नाही, वापरतही नाही, ठेवतो. सख्ख्या भावाला मूत्रपिंड काढून देईल, पण कपाटावरचा गिअरचा दांडा देणार नाही, का तर लागेल कधीतरी. त्यात मास्तर शोधायची ठिकाणंही अभ्यासाने निवडत. १९२९ साली जिथे रस्ता नव्हता, पूल नव्हता, गाडी घेण्याइतका पैसा कोणाकडे नव्हता, अशाच वस्त्या ते नकाशावर हुडकून काढत आणि बसने तिकडे जात. परत येऊन हताश चेहऱ्याने जेवत. गॅरेजवाला एल्बिओ त्यांचा जुना विद्यार्थी. आता पन्नाशीचा होता, पण भूगोलात नापास झाल्याचं त्याच्या मनातून गेलं नव्हतं. तो अधूनमधून बातमी आणी, की साल्तोला एकाकडे कार्बोरेटर आहे म्हणे. मास्तर न बघताच सांगत, तो दुसऱ्या मालिकेचा.

"मास्तर," एल्बिओ एकदा हात पुसत म्हणाला, "तुम्ही शोधताय की लपवताय?"

त्याला तेव्हाच नापास केलं हे बरं झालं, असं मास्तरांना वाटलं.

त्या शरदात त्यांनी ला क्रुसेरा निवडलं. उत्तरेकडे, दोन जिल्हे ओलांडून. रेल्वे बंद झाल्यावर तिथे स्टेशन उरलं होतं, मेंढ्या होत्या, आणि मेंढ्यांना कंटाळलेली थोडी माणसं. सोमवारी जेवताना त्यांनी मिर्ताला सांगितलं. कुठल्या दिवशी, कुठल्या बसने, असं तिने विचारलं. हल्ली ती हे विचारायला लागली होती. उतारवयात बायकोची काळजी वाढते, एवढंच मास्तरांच्या मनात आलं.

गुरुवारी दुपारी बस ला क्रुसेराला थांबली ती ऐन वामकुक्षीच्या वेळेला. त्या भागात या वेळी कुत्रंसुद्धा कूस बदलत नाही. ऊन पांढरंफटक पडलेलं असतं, सावल्या पायाखाली गोळा झालेल्या असतात, खिडक्यांच्या झडपा बंद असतात. भुतं रात्री फिरतात ही शहरी समजूत आहे, तिकडे ती दुपारी फिरतात. पण थांब्यावर माणसं उभी होती. काळे कोट घातलेले धट्टेकट्टे पुरुष, टोप्या हातात. मागे डोक्यावरून रुमाल घेतलेल्या बायका. बाजूला एक खेचराची गाडी, तिच्यात गवत पसरून वर स्वच्छ चादर घातलेली.

ड्रायव्हरने उतरून बसच्या पोटातली सामानाची डिकी उघडली, तसे ते पुरुष एकदम एक पाऊल पुढे आले. आतून कोंबडीच्या पिल्लांची खोकी निघाली. पुरुष एक पाऊल मागे गेले. डिकी बंद झाली. बस निघून गेली. धूळ खाली बसली आणि मग सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

"मी एच्चेबार्ने," मास्तर म्हणाले. "पासो ओंदोचा."

एक जण डोक्यावरची टोपी काढायला गेला; ती आधीच त्याच्या हातात होती. कुठेतरी पवनचक्कीचं पातं कुरकुरत होतं, तेही थांबलं. शेवटी एक म्हातारी पुढे आली. बाप्तिस्म्याला मूल आणावं तसं पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तिने दोन्ही तळव्यांवर धरलं होतं. ते तिने मास्तरांच्या पायाशी ठेवलं आणि पाठ न फिरवता मागे सरली.

"घ्या, मास्तर. आता कशाची काळजी करू नका."

फडक्यात हुपमोबिलचा कार्बोरेटर होता. मूळचा, त्याच सालचा, रॉकेलने धुऊन लख्ख केलेला.

मास्तरांनी आभार मानायला हात पुढे केला. म्हातारीने हात एप्रनखाली घेतले. काय द्यायचं, असं विचारलं, तर सगळे जमिनीकडे बघू लागले. परतीची बस येईपर्यंत ती माणसं तशीच अंतर राखून उभी राहिली, कोणी बसलं नाही. सावलीत मात्तेचा कडू चहा चालला होता. एकच भोपळ्याचा तुंबा एकाकडून दुसऱ्याकडे जात होता, आणि मास्तरांपाशी आला की ओतणाऱ्याचा हात हवेत वळसा घेऊन पलीकडच्याकडे जात होता. त्या देशात दारात पकडलेल्या चोरालाही आधी तुंबा देतात, मग पोलिसांना बोलावतात. मास्तरांना आयुष्यात कोणी असं ओलांडून गेलं नव्हतं. ते बसमध्ये चढले तेव्हा मागे सगळ्यांच्या माना खाली होत्या.

घरी मिर्ताने दारातच विचारलं, सापडला? ती जरा जास्तच खूश दिसली. एल्बिओने कार्बोरेटर उजेडात धरून फिरवला, फुंकर मारली, बोटाने चाचपला आणि त्यात खोड काढता येत नाही याचा आनंद अजिबात लपवला नाही.

योगायोग म्हणून मास्तरांनी तो विषय मिटवला. पुढच्या वेळी त्यांनी तालास निवडलं, जिथे काटेरी झुडपांचीच वस्ती जास्त. थांब्यावर कोणी नव्हतं. त्यांना हायसं वाटलं; मग लक्षात आलं की झडपांच्या फटींमागे काहीतरी हलतं आहे. प्रत्येक घरात. ते चालले की फटी चालत. रस्त्याच्या टोकाला एक घोडेस्वार उभा होता. त्याने लांबूनच काहीतरी कुंपणाच्या तारेला अडकवलं आणि घोडा वळवला. जाता जाता, मान न फिरवता म्हणाला, "तुमच्याबद्दल इथे कोणी वाईट बोललं नाही, मास्तर. एवढं लक्षात ठेवा." आणि टाच मारली.

तारेला हुपमोबिलचा उजवा हेडलाइट लटकत होता. काचेत सूर्य उतरला होता. मास्तर त्याच्याकडे चालू लागले तसा तो त्यांच्याकडे बघत राहिला. डावीकडे सरकले तरी बघत राहिला. भूगोलाच्या माणसाला प्रकाशाचं परावर्तन समजावून सांगायला नको. पण त्या दिवशी परावर्तनाने त्यांचं समाधान झालं नाही.

तिसऱ्या ठिकाणी, रिंकोन दे ला व्हिउदाला, घोडेस्वारही नव्हता. थांब्याच्या बाकावर स्टेअरिंगचं चाक ठेवलेलं होतं, आणि त्याच्या आऱ्यांमधून पांढरी कार्नेशनची फुलं विणली होती. मास्तर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. उन्हात फुलांचा वास गोडसर, जड होत चालला. समोरच्या बंद घरातून आवाज येत होता. शब्द नव्हते, नुसती लय. पाढे म्हणणाऱ्या वर्गाची लांबून ऐकू येते तशी, पण आवाज मोठ्या माणसांचे. मास्तर खोकले. आवाज थांबला. बस येईपर्यंत ते पुन्हा खोकले नाहीत, आणि तो आवाजही पुन्हा आला नाही. दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत राहिल्या.

यानंतर मास्तर फार्मसीत जाऊन वजनकाट्यावर उभे राहिले. वजन वाढलं होतं. याने त्यांना थोडा धीर आला, का ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. पण दुपारी मिर्ता झोपली की त्यांचे पाय गॅरेजकडे वळू लागले. पत्र्याच्या छपराखाली हुपमोबिल उभी असे, आता दोन डोळ्यांनी. कोंबडीने अंडी घालणं सोडलं होतं, आणि मग एक दिवस गाडीच सोडली. कितीही दाणे टाकले तरी ती दाराच्या उंबऱ्याबाहेर थांबून मान वाकडी करून बघे. भागांच्या मेळाबद्दल मास्तर आजवर जे बोलत आले होते, ते सगळं आता त्यांना आठवू लागलं आणि त्यातला शब्दन् शब्द मागे घ्यावासा वाटू लागला. हे भाग त्यांनी बोलावले नव्हते. गाडीनेच आपले अवयव बोलवायला सुरुवात केली होती. तिला मॉन्टेव्हिडिओला जायची घाई झाली होती.

डिस्ट्रिब्यूटर तेवढा उरला होता. तो आला की संपलं. बेकरी संपली, "मास्तर, कसं काय?" संपलं, चौकातलं झाडाखालचं बाक संपलं; पुढे फक्त लिफ्ट. घरी बसावं, तर मिर्ता रोज विचारी, आता कुठे जाणार? न जाणं म्हणजे कबुली देणं. तेव्हा त्यांनी नकाशावरची शेवटची, सगळ्यात निरुपयोगी जागा काढली. सेर्रो पेलादो. तिथे घरांपेक्षा थडगी जास्त होती आणि बस जात नव्हती. एल्बिओला त्या बाजूला एक गिअरबॉक्स आणायला जायचं होतं, तो व्हॅनमधून सोडणार होता. मिर्ताने दिवस विचारला, वेळ विचारली, कोण नेणार विचारलं. मास्तरांनी सांगितलं.

एल्बिओने त्यांना हमरस्त्यावर उतरवलं; पुढची वाट पावसाने खचली होती. गिअरबॉक्स घेऊन मागच्या रस्त्याने येतो म्हणाला, गावाच्या टोकाला दफनभूमी आहे तिच्या भिंतीमागे थांबतो. "आणि मास्तर, नाही मिळाला तर तोंड पाडू नका," तो म्हणाला. "मी साल्तोवाल्याला विचारून ठेवलंय."

टेकडीखाली एकच रस्ता होता. टिटव्या ओरडत होत्या. सगळ्या झडपा बंद, पण पहिल्याच घराचं दार सताड उघडं होतं आणि आतून ऑर्गनचं संगीत येत होतं. मास्तर उंबऱ्याशी थांबले. आत फळीवर रेडिओ चालू होता. एक खोल, संथ आवाज मेलेल्यांची नावं वाचत होता: अमकी विधवा, परमेश्वराची शांती लाभून काल निवर्तली, तमक्याचं पार्थिव उद्याच्या सकाळच्या बसने पोचत आहे, आप्तेष्टांनी थांब्यावर यावं. ऑर्गन वाजत होता. मग त्याच आवाजात, त्याच संथपणे रेडिओ म्हणाला:

"पासो ओंदोचे मास्तर दार्दो एच्चेबार्ने आज दुपारी एल्बिओ यांच्या व्हॅनने सेर्रो पेलादो इथे पोचत आहेत. हुपमोबिल गाडीचा डिस्ट्रिब्यूटर ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो तयार ठेवावा, ही पत्नी मिर्ता यांची नम्र विनंती."

मास्तरांनी चौकट धरली. लाकूड हाताला गरम लागलं, हे त्यांनी नोंदवून ठेवलं.

मग हळूहळू सगळं जागेवर बसत गेलं. उत्तरेकडच्या त्या रेडिओचा आवाज पासो ओंदोपर्यंत पोचत नव्हता, पण त्याची रीत मास्तरांना ठाऊक होती. सगळ्या देशात तीच आहे. दुपारी आधी मेलेल्यांची खबर, ऑर्गनवर. मग गिटारची एक चटपटीत धून. मग जिवंतांचे निरोप: मामा गुरुवारच्या बसने येतोय, घोडा घेऊन थांब्यावर या, औषध ड्रायव्हरकडे दिलंय. मिर्ताने नवऱ्याच्या नकळत निरोप दिले होते, जिवंतांचेच. पण गिटारची टेप शरदात तुटली होती, आणि तरुणपणी काही वर्षं पाद्री व्हायला शिकलेला निवेदक ऑर्गन तसाच चालू ठेवून एका सुरात सगळं वाचून मोकळा होत होता. ला क्रुसेराचे लोक शवपेटी खांद्यावर घ्यायला आले होते. पेटीऐवजी मास्तर स्वतः चालत उतरले, ऐन दुपारी, आणि नाव सांगते झाले. मेलेल्या माणसाला, का हो, तुम्ही मेलात ना, असं तोंडावर विचारणं त्या भागात असभ्य समजतात. म्हणून कोणी विचारलं नाही. आणि जो कार्बोरेटर जिवंत माणसाला मरेपर्यंत मिळाला नसता, तो शेवटची इच्छा म्हणून हसत हसत देऊन टाकला. म्हणजे हसत नव्हे.

"या," आतून कोणीतरी म्हणालं. "उन्हात उभे राहू नका. तुम्हाला लागतं की नाही माहीत नाही, पण मला बघवत नाही."

घराचा मालक, ओरोस्मान, खिडकीशी खुर्चीत बसला होता. नव्वदीला टेकलेला, ओढा आटून दगड उरावेत तसा. त्याने रेडिओ बंद केला, तुंब्यात गरम पाणी ओतलं आणि तुंबा सरळ मास्तरांपुढे धरला. इतक्या गावांत हा पहिलाच.

"चालत आलात?"

"हमरस्त्यापासून."

"म्हणजे पाय राहतात," ओरोस्मान स्वतःशीच म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

मास्तर नळीने चहा ओढत राहिले. टेबलावर फडक्यात डिस्ट्रिब्यूटर होता. ओरोस्मानने तो उचलून मांडीवर घेतला. सांगू लागला, की हा भाग आजवर कितीतरी जण मागून गेले, स्वतःचा जावईसुद्धा, पण त्याने दिला नाही. जिवंत माणसाला देऊन काय उपयोग? तो मरतो आणि भाग त्याच्या जावयाकडे जातो. मेलेल्याचं तसं नाही, तो कायमचा नेतो.

मास्तरांनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं: मी मेलेलो नाही. छोटं, खरं, व्याकरणशुद्ध वाक्य. ते उच्चारलं की डिस्ट्रिब्यूटर फडक्यात परत जाणार होता, हुपमोबिल कोंबडीकडे परत जाणार होती, आणि मास्तर मरेपर्यंत बेकरीला चालत जाणार होते. इतक्या वर्षांच्या तपश्चर्येचं फळ असं त्यांच्या जिभेवर येऊन बसलं होतं. आणि वर खरं बोलल्याचं पुण्य.

"एक काम होतं," ओरोस्मान म्हणाला. "देओलिंदा. माझी बायको. ठेंगणी आहे, डाव्या पायाने जरा लंगडते. तिकडे सुधारलं असेल तर सांगता येत नाही. भेटेल तुम्हाला?"

मास्तरांनी नळी पुन्हा तोंडात धरली.

"ती जायला निघाली तेव्हा मी म्हटलं, तू हो पुढे, मी आलोच पाठोपाठ. तेव्हा माझंही काही खरं नव्हतं हो, डॉक्टरच म्हणाला होता. आणि मग माझी तब्येत सुधारली." त्याने हे एखादा गुन्हा सांगावा तसं सांगितलं. "आता किती वर्षं झाली. ती वाट बघत बसणारी बाई आहे. जेवणाला थोडा उशीर झाला तरी रस्त्यावर येऊन उभी राहायची. तिला म्हणावं, उशीर होतोय, पण येतोय. वाटेत कुठे रमलो नाही म्हणावं. एवढंच."

मास्तरांच्या लक्षात आलं की डिस्ट्रिब्यूटर त्यांच्यापुढे धरलेला आहे, आणि केव्हापासूनच आहे. बाहेर एकही पान हलत नव्हतं. त्या घरात दोनच माणसं होती आणि त्यातल्या एकाला पूर्ण खात्री होती की आपल्यासमोर बसलेला माणूस देओलिंदाला ओळखू शकतो. मास्तरांनी चाळीस वर्षं मुलांच्या चुकीच्या खात्र्या लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या. ही त्यांच्याच्याने दुरुस्त होईना.

त्यांनी तुंबा परत दिला. "धन्यवाद," म्हणाले, मात्तेचा तुंबा परत देताना या शब्दाचा अर्थ एवढाच, की आता पुरे. मग म्हणाले, "सांगतो."

"आजच?"

"जाता जाता."

"मागच्या भिंतीजवळ आहे तिची जागा. तुम्हाला ठाऊक असेलच."

"विचारत जाईन," मास्तर म्हणाले.

डिस्ट्रिब्यूटर पोटाशी धरून ते रस्त्याने निघाले. ज्या घरावरून जात त्या घराची झडप आतून घट्ट ओढली जाई. खट्, मग पुढे खट्. दफनभूमीचं फाटक उघडंच होतं. नुसतं निघून जाता आलं असतं, भिंतीपलीकडे व्हॅन असणार होती. पण सांगतो म्हटलं होतं. त्यांनी मागच्या भिंतीजवळच्या ओळी एकेक करून वाचल्या. थडग्यावर लंबगोल चिनीमातीचा फोटो होता: ठेंगणी, कपाळावर हात धरून उन्हात लांब बघणारी बाई. जणू फोटोवालाच उशिरा आला होता.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात निरोप सांगितला, शब्दशः. उशीर होतोय, पण येतोय. वाटेत कुठे रमला नाही. मग सवयीने ते उत्तरासाठी थांबले. थडग्यावरची पत्र्याची फुलं हलकेच वाजली. वारा नव्हता. पत्रा उन्हाने फुगतो आणि तडकतो, हे भूगोल न शिकलेल्यालाही माहीत असतं. तरीही मास्तर "बरं" म्हणाले आणि टोपी घातली.

भिंतीमागे एल्बिओने हॉर्न वाजवला. पुढच्या फाटकाने वळसा घेण्यापेक्षा मास्तर पडक्या भागातून भिंत ओलांडून उतरले. सेर्रो पेलादोच्या झडपांमधून लोकांनी त्यांना दफनभूमीत शिरताना पाहिलं, आणि अंधार पडेपर्यंत पाहत राहिले. ते बाहेर आले नाहीत. त्यानंतर त्या भागात मास्तरांबद्दल कसलीही शंका कोणाला उरली नाही.

घरी मिर्ता दारात होती. "सापडला?"

"सापडला."

"कोणी दिला रे, म्हाताऱ्या?"

"ओळखीचे निघाले," मास्तर म्हणाले. रेडिओबद्दल ते काही बोलले नाहीत. मिर्ताही बोलली नाही. तिने डिस्ट्रिब्यूटरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि माळ्यावरच्या बॅगा काढायला आत गेली.

एल्बिओने गाडी जोडली. पहिल्याच हॅन्डलला ती चालू झाली. एवढा गुळगुळीत, समजूतदार आवाज मास्तरांनी कधी ऐकला नव्हता. उंबऱ्याबाहेर कोंबडी होती ती अंगण सोडून पळाली. वसंतात, एका रविवारी, अख्खं पासो ओंदो निरोप द्यायला रस्त्यावर आलं. मास्तर सायकलच्या वेगाने निघाले, म्हणजे प्रत्येकाला "मास्तर" म्हणायला वेळ मिळावा. मिर्ता मागच्या सीटवर बसली होती, एकटी, का ते तिने सांगितलं नाही. वाटेत काहीही बिघडलं नाही. अंधार पडायच्या आत ते मॉन्टेव्हिडिओला पोचले.

इवोनच्या इमारतीत पार्किंग नव्हतं. गाडी महिनाभर रस्त्यावर उभी राहिली, मग वायपरखाली महापालिकेच्या नोटिसा मावेनाशा झाल्या, तेव्हा मास्तरांनी ती रविवारच्या जुन्या बाजारातल्या एका माणसाला देऊन टाकली. अख्खी हुपमोबिल कोणाला नको होती. त्याने ती खोलून सुटे भाग विकले.